मजकूर-चौकटीवरचा क्लिक

मा. संपादक, स. न. वि. वि.

पायथन या संगणकभाषेच्या टीकेइंटर या खिडक्या-फॉर्म बनवण्याच्या साधनसंचात एका पतसंस्थेचा फॉर्म लिहिताना, नावाच्या चौकटीवर माऊसने क्लिक करताच मराठी आणि पत्त्याच्या चौकटीवर कन्नड कळफलक सुरू व्हावा, अशी माझी अपेक्षा होती; सीमाभागात अशी गरज नेहमीच पडते. परंतु बटणाला असते तशी ‘कमांड’ची (म्हणजे बटण दाबताच ठरलेले फंक्शन, अर्थात कोडचा तुकडा, चालवण्याची) सोय मजकूर-चौकटीला नसते, हे संध्याकाळभर डोके खाजवल्यावर ध्यानात आले. तेथे ‘बाइंड’ ही जोडणीची सूचना वापरून डाव्या क्लिकची घटना फंक्शनला जोडावी लागते. मात्र टॅब दाबून चौकटीत शिरल्यास क्लिक घडतच नाही (आमचे कारकून माऊसला क्वचितच हात लावतात), म्हणून अशा कामी ‘फोकस-इन’ (कोणत्याही मार्गाने चौकट टंकनासाठी सक्रिय होणे) ही घटनाच अधिक भरवशाची वाटते. आपल्या संगणकविषयक सदरात हा फरक सोदाहरण यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)