कोंबड्यांना घरघर लागली असेल तर आधी हे वाचा

गटातल्या सर्व ताई-दादांना नमस्कार. थंडी पडल्यापासून गल्लीत दोन-तीन खुराड्यांत कोंबड्या शिंकताहेत. काल रात्री माझ्याही तलंगेच्या (अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबडीच्या) छातीला कान लावला, तर आत घरघर ऐकू आली. नाकाला चिकट पाणी, एक डोळा सुजून मिटलेला. तिला लगेच वेगळ्या डालीखाली ठेवलं.

तुम्हीही तसंच करा. आजारी पाखरू बाजूला, त्याचं पाणी-भांडं वेगळं. आधी चांगल्यांना दाणा घाला, मग आजारीला, आणि हात साबणानं धुवा. खुराडं रात्री पोत्यानं गच्च बांधू नका. विष्ठेच्या उग्र वासानं श्वास आणखी कोंडतो. खालचा भुसा कोरडा ठेवा, वर हवेला वाट ठेवा.

मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका. सर्दी, मानमोडी (राणीखेत), सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) वरून सारखेच दिसतात, औषध मात्र एक नाही. सीआरडीतून बरी झालेली कोंबडीही रोग बाळगून राहते, म्हणून ती आठवडी बाजारात विकू नका, हे हात जोडून सांगते. बाजारातून नवी आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवा.

मानमोडीची लस निरोगी पाखरांनाच द्यायची. एका बाटलीत बहुधा शंभर किंवा जास्त मात्रा असतात, कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून दहा-बारा घरांनी मिळून, बर्फाच्या थर्मासात आणू.

एकदम मर लागली तर हात लावू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्यात बर्ड फ्लूच निघाला होता.

लशीसाठी कुणाकडे किती पाखरं आहेत ते उद्यापर्यंत इथे लिहा.