सूचना : आधारची प्रत आणि अंगठ्याचा ठसा

सभासदांनी भाडेकरूंची कागदपत्रे कार्यालयात देताना पूर्ण आधार देऊ नये. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ काढावे. त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. प्रतीवर कारण व तारीख लिहावी. ग्रुपवर तर कोणीच टाकू नये.

त्याहून गरजेचे म्हणजे बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आपला ठसा आधारसाठी कोणालाच वापरता येऊ नये म्हणून लावायचे कुलूप. नोंदणीकृत दस्तांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून बँक खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. आधारवर पैसे काढताना अंगठा पुरतो, ओटीपी लागत नाही. म्हणून एमआधार अ‍ॅपमधून लॉक लावाच. मोबाइल आधारशी जोडलेला हवा. पुढे रेशन दुकानात ठसा जुळला नाही, तर घाबरू नका, लॉक तात्पुरते उघडा. ज्येष्ठांना शेजाऱ्यांनी मदत करावी, ओटीपी मात्र ज्येष्ठांनी स्वतःच टाकावा.