चौथीच्या पुस्तकातलं एक गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहलगामच्या हल्ल्यापासून आपल्या वाचकपत्रांत एकच वाद रंगला आहे. दहशतवादाचं मूळ धर्मात, की अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणात? एका बाजूचे वाचक म्हणतात, ग्रंथ उघडा, सगळं तिथंच लिहिलंय. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, इराक बघा, पॅलेस्टाईन बघा, अफगाणिस्तान बघा. दोन्हीकडची पत्रं वाचली. भाषा तापलेली आणि माहिती बेताची. (एक-दोन पत्रांना आपण कात्री लावायला हवी होती, हेही जाता जाता सांगतो.) माझं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवण्यात गेलं, म्हणून एका उदाहरणापासून सुरुवात करतो.

1980 च्या दशकात अफगाण मुलांसाठी दारी आणि पश्तू भाषांत शाळेची पुस्तकं तयार झाली. त्यातल्या चौथीच्या पुस्तकातलं गणित साधारण असं आहे: कलाश्निकॉव्हच्या गोळीचा वेग सेकंदाला 800 मीटर. रशियन सैनिक मुजाहिदापासून (म्हणजे त्याच्याशी लढणाऱ्या अफगाण योद्ध्यापासून) 3200 मीटरवर उभा आहे. मुजाहिदानं त्याच्या डोक्याचा नेम धरला, तर गोळी कपाळात शिरायला किती सेकंद लागतील? उत्तर चार. भागाकार अगदी चौथीच्या पोराला झेपेल असाच बेतलेला. आपल्या पुस्तकांत आगगाडी असते, हौद भरणारे नळ असतात, दुधात पाणी घालणारा गवळी असतो. तिथं गोळी होती. (या बंदुकीची गोळी एवढ्या लांबवर नेमानं जात नाही आणि तिचा वेगही टिकत नाही, पण लिहिणाऱ्याला विज्ञान शिकवायचंच नव्हतं.)

हे पुस्तक धर्माच्या खात्यावर मांडायचं की परराष्ट्र धोरणाच्या? पैसा अमेरिकी सरकारचा, तिथल्या करदात्यांचा. तयार करण्याच्या कामात नेब्रास्का विद्यापीठाचं ओमाहातलं केंद्र. वाटप झालं ते पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांतून, आणि तिथं मुजाहिदांच्या पक्षांचा शब्द चालायचा. मजकूर जिहादचा. वॉशिंग्टनच्या पैशाशिवाय ते छापलं गेलं नसतं आणि धर्माची भाषा नसती तर त्या पोरांच्या गळी उतरलं नसतं. सोव्हिएत फौजा डिसेंबर 1979 मध्ये अफगाणिस्तानात घुसल्या, फेब्रुवारी 1989 मध्ये परत गेल्या. चौथीतली पोरं तिथंच राहिली, मोठी झाली. 1996 मध्ये तालिबाननं काबूल घेतलं आणि हीच पुस्तकं पुढं चालू ठेवली. फक्त चित्रांतले माणसांचे चेहरे खोडले.

त्या दहा वर्षांत अमेरिका आणि सौदी अरेबिया मिळून पैसा ओतत होते, 1986 पासून खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रंही आली. पण कुणाला किती द्यायचं हे ठरवत होती पाकिस्तानची आयएसआय. सगळ्यात मोठा वाटा गेला गुलबुद्दीन हेकमतयारच्या, म्हणजे सगळ्यात कडव्या गटाकडं. हे कुणा ग्रंथात लिहिलेलं नव्हतं. पाकिस्तानी लष्करशहा जनरल झियांच्या राजवटीनं केलेली ती निवड होती.

'धर्मच मूळ' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न काळाचा आहे. धर्म चौदाशे वर्षांचा आहे, मग स्फोटकं भरलेला ट्रक घेऊन स्वतःला उडवून देण्याचं हे तंत्र 1980 नंतरच का फोफावलं? बैरूतमध्ये 241 अमेरिकी सैनिक मेले ते 1983 साली. कमरेला स्फोटकांचा पट्टा बांधून मरण्याचं तंत्र ज्यांनी पुढं अगदी सफाईनं वापरलं ते तर श्रीलंकेतले तमिळ वाघ, आणि त्यांचा लढा धर्माचा नव्हता, भाषेचा आणि भूमीचा होता. 1991 साली श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा जीव त्यांनीच घेतला. त्याच वाघांना 1980 च्या दशकात प्रशिक्षण भारतात मिळालं होतं, हे लिहिताना आपल्याकडच्या देशभक्तांची लेखणी अडखळते.

'परराष्ट्र धोरणच मूळ' म्हणणाऱ्यांना प्रश्न वेगळा आहे. 2003 मध्ये अमेरिकेनं खोट्या कारणावरून इराकवर हल्ला केला. सामूहिक संहाराची अस्त्रं सापडलीच नाहीत. त्या मे महिन्यात इराकी सैन्य बरखास्त करून लाखो शिकलेल्या, हत्यार चालवता येणाऱ्या माणसांना एका फटक्यात घरी बसवलं. सद्दामच्या फौजेतले अधिकारी पुढं 'इसिस'मध्ये दिसले. इथवर सगळं मान्य. पण ऑगस्ट 2014 मध्ये याच टोळ्यांनी इराकमधल्या सिंजारला यझिदी या छोट्या धर्मसमूहातल्या पुरुषांना रांगेत उभं करून मारलं, बायका-मुली बाजारात विकल्या. यझिदींनी कुणाच्या देशावर बॉम्ब टाकले होते? त्यांचा गुन्हा एकच, त्यांचा धर्म वेगळा. कुणाला मारायचं हे त्या टोळीनं धर्म विचारून ठरवलं, आणि 22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्येही तेच झालं. तिथं 26 जण गेले, सहा आपल्या महाराष्ट्रातले. हल्लेखोरांना आडवा जाणारा स्थानिक घोडेवाला मुसलमान होता, तोही गेला. त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंच्या पत्रांत एक ओळ नाही.

मला म्हणायचंय ते हे. कारण म्हणून धर्म पुढं केला जातो आणि राग परराष्ट्र धोरणातून येतो, पण या दोन्ही गोष्टी जगात पोत्यानं पडलेल्या आहेत. रागावलेला आणि धर्मवेडा माणूस प्रत्येक तालुक्याला सापडेल. त्याच्या हातात बंदूक कोण देतं, खोली कोण देतं, पासपोर्ट कोण देतं आणि पोलिसांना 'तिकडं बघू नका' असं कोण सांगतं, यावर पुढचं सगळं ठरतं. आश्रय देणारं सरकार नसेल तर बहुतेक टोळ्यांचा खेळ लवकर आटोपतो. पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी पहलगामनंतर ब्रिटिश वाहिनीवर कबूल केलं की अमेरिका आणि पाश्चात्त्यांसाठी हे घाणेरडं काम आम्ही तीस वर्षं केलं. एका वाक्यात नोकर, मालक आणि काम, तिन्हींची कबुली आली. तरी पेशावरच्या शाळेत डिसेंबर 2014 मध्ये 130 हून जास्त मुलं मारली गेली ती त्याच रानात वाढलेल्यांकडून.

लांब कशाला जायचं? बीड जिल्ह्यातला जबिउद्दीन अन्सारी आठवा. मे 2006 मध्ये एटीएसनं आरडीएक्स आणि एके-47 रायफलींचा साठा पकडला, तेव्हा हा निसटला आणि पाकिस्तानात पोचला. तिथं त्याला आसरा मिळाला. 26/11 च्या वेळी कराचीतल्या नियंत्रण खोलीत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. 2012 मध्ये सौदी सरकारनं त्याला भारताच्या हवाली केलं आणि 2016 मध्ये शस्त्रसाठ्याच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. बीडमध्ये त्याच्या आसपास वाढलेली हजारो मुसलमान पोरं आज गॅरेजमध्ये, कॉलेजात, ऊसतोडीच्या मुकादमाकडं हिशेब लिहिण्यात आहेत. धर्म त्यांचाही तोच. आणि जबिउद्दीन सापडला तो त्याचा धर्म बदलला म्हणून नव्हे. दिल्ली आणि रियाधचे संबंध बदलले आणि आसरा सुटला.

मराठवाड्याला तर हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. रझाकारांचा सेनापती कासिम रझवी आमच्या लातूरचाच वकील. निजामाच्या मुलखात सुमारे 85 टक्के प्रजा हिंदू, गादी मुसलमानाची, आणि ती टिकवायला रझवीनं धर्माची हाक दिली. पण नुसत्या हाकेवर रझाकार उभे राहिले असते का? त्यांना दरबाराचा वरदहस्त होता, तक्रार घेऊन जावं तर ठाण्यातला अंमलदार त्यांच्याच बाजूचा. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं निजामासाठी शस्त्रं आणत होता, निजामानं पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज दिलं, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत गेलं. म्हणजे धर्म होता, परराष्ट्र धोरण होतं आणि मधे होती सरकारी मेहेरनजर. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज आली, ती मेहेरनजर संपली आणि चार-पाच दिवसांत रझाकार विरघळले. धर्म त्या चार दिवसांत कुठं गेला नव्हता.

रझाकारांनी हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये मारलं, हात तोडला. का? तर मुसलमान असून भारतात सामील होण्याची बाजू ते छापत होते. आणि पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौज आल्यावर, मुसलमानांवर सूड निघाला. पंडित सुंदरलाल समितीनं त्या हिंसेतल्या बळींचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. मारले गेलेले बहुतेक रझाकार नव्हते. रझाकारांचे धर्मभाऊ एवढंच. 'धर्मच मूळ' हे एकदा मान्य केलं की पुढची पायरी ही असते.

त्या पायरीवर आपण आजही आहोत. पहलगामनंतर आमच्या गल्लीत एका घरमालकानं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला आलेल्या उदगीरच्या पोराला खोली दाखवली, कॉट-गादी दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, भाडंही ठरलं. आधार कार्ड हातात आल्यावर नाव वाचलं आणि म्हणाला, "अरे, आमच्या पाहुण्याला हवीय ही, मी विसरलोच." पोरगा 'बरं काका' म्हणून बॅग उचलून गेला. खोली पुढं पंधरा दिवस रिकामीच होती.

आपल्या दैनिकाकडून दोन अपेक्षा आहेत. एक, संशयिताच्या अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, तर सुटकेचीही तिथंच यावी. 2006 च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांनी पाच वर्षं तुरुंगात काढली, 2016 मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. ती बातमी मला आत कुठंतरी जाहिरातींच्या बाजूला सापडली होती. दुसरी, दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाची पुरवणी काढता. स्वामी रामानंद तीर्थांचं छायाचित्र आणि पालकमंत्र्यांचा शुभेच्छा संदेश तिच्यात असतोच, असू द्या. या वर्षी अर्धं पान शोएबुल्ला खान यांना द्यावं आणि अर्धं पोलिस ॲक्शननंतरच्या गावांना. औसा-तुळजापूरकडं ते दिवस डोळ्यांनी बघितलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. वार्ताहर पाठवायचा असेल तर सप्टेंबरची वाट बघू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर