सहभागी क्रमांक 7 यांस: एका अंगणवाडीताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

माझा पीएच.डी.चा प्रबंध अखेर विद्यापीठाने स्वीकारला. त्यात तुमचा उल्लेख 'सहभागी क्रमांक 7' एवढाच आहे, कारण संशोधनात भाग घेणाऱ्यांचे नाव-गाव गुप्त राखण्याची लेखी हमी मी नीतिसमितीला दिली होती आणि तुम्हालाही दिली होती. ती हमी या पत्रातही पाळते आहे. पण नाव झाकले की श्रेयही झाकले जाते, ही आमच्या क्षेत्रातील जुनी अडचण आहे. प्रबंधातील ज्या प्रकरणाचे परीक्षकांनी कौतुक केले, त्यातील बराचसा भाग तुमच्याकडून आलेला आहे, म्हणून हे आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

अंगणवाडी सेविकांना फोनवर नोंदी करणे सोपे जावे यासाठी स्क्रीनची रचना कशी असावी, हा माझा विषय. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून या कामाचा डोलारा मुख्यतः रजिस्टरांवर उभा होता. 2021 पासून पोषण ट्रॅकर हे नोंदींचे सरकारी ॲप आले आणि त्याच वर्षी राज्यभरातील सेविकांनी अपुऱ्या क्षमतेचे फोन व इंग्रजी ॲप यांविरुद्ध आवाज उठवत शासनाचे मोबाईल परत केले. त्या बातम्या वाचूनच मी हा विषय घेतला. भाषा मराठी केली आणि फोन बरा दिला की प्रश्न सुटेल, असे तेव्हा अनेक तंत्रज्ञांना वाटत होते. प्रश्न त्याहून खोल आहे, हे तुमच्यासोबत बसल्यावर उलगडत गेले.

पहिली गोष्ट तारखेची. बाळाचे वजन वयाच्या मानाने योग्य आहे की नाही हे ठरवायचे तर वय महिन्यांत अचूक हवे, आणि त्यासाठी जन्मतारीख हवी. दाखला हाताशी नसलेली आई सांगते, 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला.' तुमच्या भिंतीवर एकाच खिळ्याला मागच्या कित्येक वर्षांची कालनिर्णये एकावर एक टांगलेली होती. त्यांतले नेमके वर्ष तुम्ही काढलेत, श्रावण अमावास्या शोधलीत, आणि बोट तारखेवर टेकवण्याआधी त्या आईला विचारलेत, 'बाळंतपण माहेरी झालं का इथं?' तिच्या माहेरच्या भागात पोळा भाद्रपद अमावास्येला असतो. म्हणजे उत्तर एका महिन्याने बदलणार, आणि लहान बाळाच्या बाबतीत एका महिन्याने वाढीच्या तक्त्यातला, पोषणाची स्थिती दाखवणारा रंगही बदलू शकतो. सणावरून तारीख काढून देणारी आणि 'माहेर की सासर' असे आधी विचारणारी जी सोय माझ्या नमुना-ॲपमध्ये आहे, ती तुमची आहे. प्रबंधात ती 'क्षेत्रीय निरीक्षणातून उद्भवलेली रचना' या भारदस्त नावाने वावरते आहे, एवढेच.

यादीच्या क्रमाचेही तसेच. सॉफ्टवेअर नावे अकारविल्हे लावते. तुम्ही मात्र मूल शोधता ते कुटुंब क्रमांकावरून, म्हणजे वस्तीतील घरांच्या ओळीने, आणि बारसे न झालेल्या बाळाला तर आईच्या नावाशिवाय दुसरी ओळखच नसते. शिवाय वजन करताना दोन्ही हात गुंतलेले असतात: एक झोळी सावरायला, दुसरा रडणाऱ्या पोराला. त्यामुळे आकडा आधी वहीत जातो आणि फोनमध्ये दुपारी, शांतपणे. स्क्रीनचा क्रम वहीच्या पानासारखा ठेवावा हा तुमचा आग्रह मी मान्य केला, आणि सेविकांना सर्वांत कमी अडखळायला लावणारा नमुना तोच ठरला.

दसऱ्यानंतर तुमच्या गावातील निम्मी घरे ऊसतोडीमुळे कुलूपबंद होतात. कोयत्यासोबत लेकरेही साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. या मुलांची नोंद 'गैरहजर' अशी करायला तुमचा ठाम नकार होता. मूल कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या कारखान्याकडे गेले, हे तुम्ही रजिस्टरच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवता आणि परत आल्याबरोबर आधी त्याचा दंडघेर मोजता, कारण दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेलेले मूल तीव्र कुपोषित असते आणि त्याच्या बाबतीत थांबून चालत नाही. त्या समासाला स्क्रीनवर जागा करून देणे हे माझ्या कामातील सर्वांत उपयोगी पाऊल आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पण सर्वांत मोठे ऋण पद्धतीचे आहे. आमच्याकडे चाचणी घेताना समोरच्या व्यक्तीला ॲप वापरता वापरता मनातले मोठ्याने बोलायला सांगतात. तुम्हाला ते अवघड वाटले. परीक्षा दिल्यासारखे होते, असे म्हणालात. मग तुम्हीच मदतनीसताईंना हाक मारलीत आणि 'हिला शिकवते, तू ऐक' असे मला सांगितलेत. पुढचा अर्धा तास तुम्ही त्यांना जे समजावत होता, त्यात प्रत्येक चिन्हाचा तुम्ही लावलेला अर्थ, प्रत्येक शंका आणि प्रत्येक पळवाट आपोआप बाहेर आली. त्यानंतर सगळ्या गावांत मी हीच रीत वापरली. नॉर्वेत 1970 च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन नायगार्ड यांनी लोह व धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम करून, यंत्रणा वापरणाऱ्यालाच तिच्या घडणीत वाटा मिळावा हा विचार रुजवला. मानवकेंद्री रचनेचे आयएसओ 9241-210 हे आंतरराष्ट्रीय मानक 2010 साली आले, त्यातही वापरकर्त्याचा सहभाग ही पूर्वअटच आहे. हे सारे मी शिकून आले होते. संशोधनाची रीतसुद्धा वापरकर्ता दुरुस्त करू शकतो, हे मात्र तुमच्याकडून कळले.

संशोधनाच्या अंदाजपत्रकात संशोधकाच्या प्रवासखर्चाला रकाना असतो. मानधनावर काम करणाऱ्या सेविकेच्या दुपारीला तो सहसा नसतो. माझ्या पुढच्या प्रकल्पाच्या प्रस्तावात तो रकाना मी घातला आहे, आणि तो मंजूर व्हावा म्हणून भांडायचीही तयारी आहे.

प्रबंधाचा मराठी सारांश टपालाने वेगळा पाठवते आहे. एका बाबतीत आपले मत जुळले नव्हते: कुपोषित मुलाची नोंद होताच स्क्रीन लाल व्हावी असे माझे म्हणणे होते, तर बाजूला बसलेल्या बायकांसमोर त्या आईला मान खाली घालावी लागते, असे तुमचे. दोन्ही बाजू सारांशाच्या शेवटच्या भागात मांडल्या आहेत. तुमची बाजू तुम्ही सांगितली तशीच उतरली आहे का, हे कृपया वाचून पाहा आणि जिथे खटकेल तिथे निःसंकोच खोडून पान परत पाठवा. मदतनीसताईंनाही माझा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
ओट्यावर वही घेऊन बसणारी विद्यार्थिनी