खाटेजवळ रंगांची पेटीही हवी

महोदय,

गेल्या श्रावणात माझ्या आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. घरी कानबाईचे रोट, हा आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, आणि आपण दवाखान्यात, हे तिला फार लागलं होतं. वॉर्डातल्या नर्सताईंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून खडूंची पेटी तिच्यापुढे ठेवली. उजव्या हाताला सलाइन, म्हणून डाव्या थरथरत्या हाताने तिने विहीर काढली, रहाट काढला, शेजारी निंबाचं झाड. हिरवा खडू संपेपर्यंत पानं भरत राहिली. मग म्हणाली, "हाई मनं माहेर शे." त्या दुपारी तिने दुखण्याचं नावही काढलं नाही, त्या विहिरीच्या पाण्याची चव सांगत बसली.

अशा कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने दिलं. क्षयातून बरं होत असताना त्याला चित्रांचा आधार मिळाला होता. इथे चित्र सुंदर यावं ही अटच नसते.

देशात २०१२ पासून पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम आहे. वेदनाशामक औषध आधी मिळायला हवं, यात वादच नाही. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांनी आठवड्यातली एक दुपार रंगांसाठी, गोधडीच्या टाक्यांसाठी, ओव्यांसाठी ठेवावी. मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. बोलावलं तर दर गुरुवारी खडू घेऊन येईन.

– एक वाचक, अमळनेर