‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल आई-बाबांना

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल तुम्ही फोनवर “किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे” एवढे सांगून विषय संपवलात, आणि आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. तुमचा आनंद हिरावून घ्यावा असे माझ्या मनात नाही. परंतु रक्ताच्या तपासण्या हेच माझे रोजचे काम असल्यामुळे त्या आकड्यांविषयी सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आईने पाठवलेल्या फोटोंप्रमाणे पहिल्या केमोपूर्वी तुमचे क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, ०.७ होते आणि आता ते १.१ आहे. छापील मर्यादा १.३ पर्यंत असल्याने बडोद्याच्या लॅबने दोन्ही वेळा ‘नॉर्मल’ लिहिले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. मात्र तुमच्यापुरती ही दीडपटीहून अधिक वाढ आहे. शिवाय क्रिएटिनीन स्नायूंमधून तयार होते, आणि घशाच्या दुखण्याने तुमचे वजन इतके उतरले आहे की ते मुळात कमीच तयार होत असणार. म्हणजे मूत्रपिंडांचे काम त्या आकड्यावरून दिसते त्यापेक्षा अधिक मंदावलेले असू शकते. मूत्रपिंडांची राखीव ताकद मोठी असते, त्यामुळे कार्यक्षमता जवळजवळ निम्मी घटेपर्यंतही हा आकडा कधीकधी मर्यादेतच राहतो.

तुम्हाला दिले जाणारे सिसप्लाटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेले औषध १९७८ पासून वापरात आहे आणि घशाच्या कर्करोगावर ते खरोखर गुणकारी आहे. परंतु मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी ते रक्तातून ओढून घेऊन स्वतःत साठवतात आणि त्यामुळे त्यांनाच इजा होते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये त्याचा परिणाम दिसतो. इजा झालेल्या नलिकांतून मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते. म्हणून रात्री पायांत येणारे गोळे वयावर ढकलू नका, मॅग्नेशियम तपासून घ्या. परिणाम बहुधा औषधानंतर काही दिवसांनी, आठवड्याभरात दिसू लागतो. त्यामुळे केवळ पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी रक्त देण्याऐवजी मधल्या आठवड्यातही द्यावे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

इजा याहूनही आधी पकडणाऱ्या तपासण्या आहेत. एनगॅल आणि किम-१ ही प्रथिने दुखावलेल्या नलिकांतून लघवीत उतरतात आणि क्रिएटिनीन वाढण्यापूर्वीच वाढू शकतात. मात्र जंतुसंसर्गातही एनगॅल वाढते, शिवाय या तपासण्या अजून सर्रास केल्या जात नाहीत, तेव्हा त्यासाठी रावपुऱ्यातल्या लॅबा पालथ्या घालू नका. सिस्टॅटिन सी हे मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातले प्रथिन स्नायूंवर फारसे अवलंबून नसते, म्हणून तुमच्यासाठी ते मला अधिक उपयोगी वाटते. पण उलटी थांबवण्यासाठी केमोसोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे तेही वाढू शकते, याची आठवण ठेवूनच त्याचा अर्थ लावावा लागेल.

गुडघ्यांसाठी तुम्ही घेता ती डायक्लोफिनॅकची गोळी मात्र आज थांबवा. आईने ती पट्टी कपाटातूनच काढून टाकावी. अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि त्यात मे महिन्यातले बडोद्याचे ऊन आणि उलट्या यांमुळे शरीरातले पाणी कमी झाले, तर इजा वाढते. केमोच्या आधी आणि नंतर सलाईन लावतात ते याच कारणासाठी. ते “लवकर संपवा, घरी जायचे आहे” असे तुम्ही सिस्टरांना सांगता, हे आईने मला कळवले आहे. गिळताना त्रास होत असला तरी दिवसभर घोट-घोट पाणी घेत राहा, आणि लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

केमो थांबवा असे मी म्हणत नाही. डोस कमी करायचा, कार्बोप्लाटिनसारखे दुसरे औषध द्यायचे की तेच चालू ठेवायचे, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापुढे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा, वजन सांगा, आणि गुडघ्याच्या गोळीचे नावही सांगा, संकोच करू नका. यापुढे मला फोनवर ‘नॉर्मल’ न सांगता आकडाच सांगावा, ही विनंती.

तुमची,
मनू