रानात सोयाबीन, कढईत पामतेल: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातली कोरडवाहू शेतकरी. मंत्र्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, शब्द कमीजास्त झाला तर सांभाळून घ्यावे. मागच्या आठवड्यात मी अकरा क्विंटल सोयाबीन आडतीवर 3,900 रुपयांनी घातले. या 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 रुपये. क्विंटलमागे 1,428 रुपये गेले, अकरा क्विंटलचे 15,708. विक्रीच्या हिशेबाची पट्टी समोर ठेवूनच हे लिहिते आहे. आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीत जाहीर सभांमधून सांगितलेला 6,000 चा भाव धरला, तर 23,100 रुपये. तो भाव आम्ही मागायला आलो नव्हतो. तुमच्या लोकांनी आमच्या दारात येऊन तो कबूल केला होता.

खरेदी केंद्रावर गेले नाही असे नाही. नोंदणी केली, अंगठा दिला, मेसेजची वाट पाहिली. पहिल्या वेळी ओलाव्याचा मीटर 14 वर गेला, नियम 12 टक्क्यांचा. सप्टेंबरच्या पावसात आमच्या रानात गुडघाभर पाणी होते हे सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिले, ते त्या मीटरला कोण सांगणार? माल परत आणला. अंगणात, ओट्यावर, शेवटी निजायच्या खोलीत ताडपत्री अंथरून वाळवला. रात्री दहिवर पडते म्हणून झाकायचा, उन्हे वर आली की उघडायचा. असे नऊ दिवस. दुसऱ्या वेळी ओलावा बसला, तर म्हणाले दाणा डागी आहे. तिथल्या माणसाने ओंजळभर सोयाबीन उचलले, त्यातले दोन काळे दाणे निवडून माझ्या तळहातावर ठेवले आणि पुढचा नंबर पुकारला. टेम्पोचे दोन्ही वेळचे भाडे माझ्याच अंगावर पडले.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, दोन दिवसांवर आली होती. परत येताना वाटेत टेम्पो थांबवून तेलाचे दोन पुडे घेतले. पुड्यावर सोनेरी थेंब होता, मागे बारीक अक्षरात पामोलिन लिहिले होते. मागे अकरा क्विंटल तेलबी, आणि माझ्या मांडीवर इंडोनेशिया-मलेशियाच्या झाडाचे तेल. साहेब, त्या दोन दाण्यांपेक्षा मला ते दोन पुडे जास्त लागले. पत्र त्यामुळे लिहिते आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तेल विकत आणत नव्हते. ज्वारीच्या पाट्यांमध्ये करडईचे तास असायचे, बांधाच्या कडेनेही करडईच, म्हणजे काट्याला भिऊन जनावर आत शिरत नाही. महिनाभराची झाली की कोवळे शेंडे खुडून भाजी व्हायची, लसणाची फोडणी आणि वर थोडे भरड. शेंडा खुडला की झाड फांद्या जास्त काढते, म्हणजे भाजीही झाली आणि बोंडेही वाढली. काढणीला सासूबाई आम्हाला पहाटे चारला उठवायच्या, दहिवराने काटा मऊ असतो तोवर. हाताला धोतराच्या चिंध्या गुंडाळायच्या, तरी बोटे सोलून निघायची. पोती घाण्यावर जायची. तेल घरात, ढेप बैलाला. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो. सासूबाई गेल्या, बैल गेले, घाणा बंद पडून त्या जागी मोबाईलचे दुकान आले.

काट्याचे पीक आम्हीच सोडले, हे मी नाकारत नाही. मजूर मिळेना, मावा पडला की फवारा परवडेना, आणि विकायला नेले तर बाजारात व्यापारी मोजून दोन. सोयाबीन सोपे वाटले. पण सोपे का वाटले, याचे उत्तर फक्त आमच्या आळसात शोधू नका. बियाणे त्याचे, सल्ला त्याचा, कारखाने त्याचे. सोयाबीनमध्ये तेल 18 ते 20 टक्के, बाकी सगळी पेंड. ती कोंबड्यांना जाते, परदेशात जाते. माझ्या चुलीवर सोयाबीनचा दाणा शिजत नाही. तीळ, कारळे, जवस, शेंगदाणा ही तेलाची पिके आम्ही कुटून, भाजून, चटणी करून खात होतो, नुसते तेल काढत नव्हतो. अकोले-इगतपुरीच्या डोंगरात खुरासणी, विदर्भात जवस, कोकणात नारळ, आमच्याकडे करडई. भाजीच्या फोडणीवरून माणूस कुठला ते कळायचे. आज सगळ्यांच्या कढईत एकच तेल आहे, आणि ते यातल्या कुठल्याच रानातले नाही.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते, वर्षाला 150 लाख टनांच्या आसपास. 1986 मध्ये तेलबियांचे अभियान आले आणि पुढच्या काही वर्षांत देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. म्हणजे जमत होते! मग बाहेरच्या तेलाला दारे उघडली. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के आयात शुल्क लावले, आम्हाला वाटले आता भाव धरेल. मे 2025 च्या अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते 10 वर आणले. तुम्ही म्हणाल हा दिल्लीचा विषय आहे. मग दिल्लीत आमच्या वतीने कोण बोलले ते सांगा. खरेदी केंद्रावर विचारले की मुंबईकडे बोट, मुंबईला विचारले की दिल्लीकडे, आणि दिल्ली म्हणते शहरातल्या गृहिणीला तेल महाग पडायला नको. मीही गृहिणीच आहे साहेब. माझ्या घरातही महिन्याला तेल लागते आणि ते मी रोख पैसे देऊन आणते.

आणि जे मुंबईच्या हातात होते त्याचे काय केले? 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा दिला, 100 रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल. मी रांगेत उभी राहून तो घेतला, खोटे बोलणार नाही, त्या दिवाळीत त्याची गरज होती. पण महाराष्ट्राच्या सरकारला महाराष्ट्राच्या गरिबाला द्यायला महाराष्ट्रातले तेल मिळाले नाही? एवढ्या पिशव्या भरायच्या होत्या, तर त्यातल्या चार जिल्ह्यांच्या तरी करडईने, शेंगदाण्याने भरून बघायच्या. घाणे पुन्हा फिरले असते. ऑक्टोबर 2024 मध्ये 10,103 कोटींचे नवे तेलबिया अभियान मंजूर झाले, त्याच्या घोषणेत मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल, तीळ अशी नावे घेतली. करडई, कारळे, जवस कुणाला आठवले नाही. जवसाला तर आजवर हमीभावच नाही. वरून पंतप्रधान सांगतात, तेल 10 टक्के कमी खा. आरोग्यासाठी चांगलेच सांगतात, पण जे तेल खातो ते कुणाचे, हेही कुणीतरी बोलावे.

माझे म्हणणे फार नाही. डागी मालाला पावसाच्या तालुक्यांत सूट द्या आणि ज्यांनी नोंदणी करूनही खाली विकले त्यांना फरक द्या. करडईचा हमीभाव यंदा 600 रुपयांनी वाढवून 6,540 केलात, तर ती घेणारे केंद्र तालुक्यात उघडा, भाव कागदावर राहून उपयोग नाही. शाळेच्या पोषण आहाराला आणि शिध्याला त्या त्या भागाचे तेल घ्या.

यंदा बांधाच्या कडेने मी करडईचे दोन तास पेरले आहेत. बी शेजारच्या गावातून दोन किलो मागून आणले, दुकानात मिळाले नाही. शेंडे खुडून भाजी केली, माझ्या मुलीने पहिल्यांदाच खाल्ली आणि विचारले, ही कुठली भाजी. तेलापुरते बी निघेल, पण घाणा सोळा किलोमीटरवर आहे आणि तोही बंद करायचा म्हणतात.

जूनमध्ये मला पुन्हा बियाण्याच्या दुकानात उभे राहायचे आहे. दुकानदार सोयाबीनचीच पिशवी पुढे करील. त्याच्या आत तुमचे उत्तर यावे. नोंदणीची पावती, आडतीची पट्टी आणि ते दोन दाणे मी एका कागदात बांधून ठेवले आहेत, तुमचा माणूस कधीही येऊन बघू शकतो.

आपली,
एक शेतकरी बाई, लातूर जिल्हा